दोन केंद्रांचा एक हिशेब : सॅसमध्ये सॉर्ट केलेले डेटा संच एकत्र करण्याची रीत

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एखाद्या दूध संस्थेची दोन संकलन केंद्रे आहेत असे धरू. दोन्हीकडून रोजच्या संकलनाच्या फाइली येतात. सभासदांची यादी वेगळी असते, दरपत्रक वेगळे, पशुखाद्याच्या कपातीची नोंद आणखी कुठेतरी. दहा दिवसांचे बिल काढायचे तर या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. प्रकल्पासाठी जनगणनेचे तक्ते आणि पावसाच्या नोंदी जोडणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही हेच काम असते, फक्त स्तंभांची नावे बदलतात.

सॅस या डेटा हाताळण्याच्या संगणक प्रणालीत हे काम दोन-तीन ओळींत होते आणि धोकाही तिथेच आहे. डेटा सॉर्ट केलेला आहे की नाही हे सॅस तपासतो. दोन्ही फाइलींतल्या ‘104’चा अर्थ एकच आहे का, एका फाइलीत तो दोनदा आला आहे का, हे तो विचारत नाही. लाल अक्षरांतली चूक लगेच सापडते. बिल बिघडवणाऱ्या चुका बहुतेक वेळा लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालवल्यावर सॅस लिहितो त्या टिपणात, निळ्या अक्षरांत असतात, किंवा नसतातच.

खालच्या कमांडा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना सॅसचे मूळ रोमन स्पेलिंग वापरायचे. स्तंभांची नावेही रोमनमध्येच ठेवावीत, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये सॅस देवनागरी नावे घेत नाही. स्तंभाच्या आतला मजकूर मात्र देवनागरीत चालतो, सत्र यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनात सुरू केलेले असले म्हणजे झाले. उदाहरणांतले आकडे काल्पनिक आहेत.

आधी की ठरवा

दोन संच ज्या स्तंभांवरून जुळवायचे त्यांना आपण की म्हणू. कीसाठी नाव वापरू नका, क्रमांक वापरा. हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण सीमाभागात तो पाळला नाही तर त्याच दिवशी अडचण येते. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्यामुळे जुन्या तक्त्यांत एक स्पेलिंग मिळते आणि नव्यांत दुसरे. एकाच गावाचे नाव मराठी फाइलीत ‘येळ्ळूर’ आणि कन्नडवरून लिप्यंतर केलेल्या फाइलीत ‘यळ्ळूर’ असे सापडते. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावे आहेत, पण डेटा भरणारा शेपूट गाळून दोन्हीकडे नुसते ‘कंग्राळी’ लिहितो.

तालुका आणि गाव अशी जोडकीही पुरत नाही. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती आणि कागवाड अथणी तालुक्यात. 2011 च्या जनगणनेचा तक्ता आणि नव्या तालुका-रचनेचा तक्ता या जोडकीवर जुळवला तर ही सगळी गावे ‘जुळली नाहीत’ या ढिगात जातात. गावपातळीच्या कामासाठी 2011 च्या जनगणनेचा सहा अंकी गावसंकेतांक हीच की धरावी. तालुका कोणताही लागला तरी तो संकेतांक बदलत नाही.

क्रमांक वापरला तरी त्याचा प्रकार पाहावाच लागतो. एका केंद्राच्या फाइलीत सभासद क्रमांक संख्या म्हणून 7 असतो, दुसऱ्याच्या फाइलीत मजकूर म्हणून ‘007’. अशा वेळी सॅस ‘डिफाइन्ड अॅज बोथ कॅरेक्टर अँड न्यूमेरिक’ असे सांगून थांबतो. संख्येचा मजकूर करायचा असेल तर पुढे शून्ये लावून करा :

सभासद_क = पुट(सभासद, झेड3.);

पुढे शून्ये न लावता, रिकाम्या जागाही काढून टाकून रूपांतर केले तर ‘10’ हा ‘9’च्या आधी येतो, कारण मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. रूपांतर झाले की पुन्हा सॉर्ट करावेच.

तारखांचे असेच आहे. सॅस 1 जानेवारी 1960 हा शून्य दिवस धरून तारीख मोजतो. एक्सेलमधून तारीख नुसता आकडा म्हणून आली असेल तर त्यातून 21916 वजा करा, म्हणजे सॅसची तारीख मिळते. ‘05/06’ हे आपल्याकडे 5 जून असते. म्हणून वाचताना ‘डीडीएमएमवायवाय10.’ हा इन्फॉरमॅट (मजकूर कसा वाचायचा याची सूचना) स्पष्ट लिहावा, सॅसच्या अंदाजावर सोडू नये.

देवनागरी मजकुराची लांबी आणि क्रम

यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते आणि सॅस स्तंभाची लांबी बाइटमध्ये मोजतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे धरले जातात. ‘बेळगाव’मध्ये 6 चिन्हे म्हणजे 18 बाइट, ‘खानापूर’मध्ये 7 म्हणजे 21, आणि ‘हुक्केरी’त जोडाक्षराच्या हलन्तासह 8 म्हणजे 24. स्तंभाची लांबी 20 ठेवली असेल तर बेळगाव नीट बसते. खानापूरचा ‘र’ मात्र मध्येच तुटून चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उरते. तुटलेले नाव कशाशीही जुळत नाही.

दोन संच एकत्र करताना हे जास्त बोचते. स्तंभाची लांबी, तो ज्या संचात पहिल्यांदा दिसतो त्यावरून ठरते. पहिल्या केंद्राच्या फाइलीत गावाची लांबी 18 आणि दुसरीत 60 असेल तर दुसरीतली लांब नावे कापली जातात आणि लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग येते. उपाय सोपा आहे. सेट (संच एकाखाली एक जोडणे) किंवा मर्ज (शेजारी-शेजारी जोडणे) यांच्या आधी ‘लेंग्थ गाव $ 60;’ ही ओळ लिहावी. नंतर लिहून उपयोग नाही.

क्रमाचीही एक गंमत आहे. सॅस मुळात संकेतांकाच्या क्रमाने सॉर्ट करतो, मराठी कोशाच्या क्रमाने नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच पुढे आहे, ‘ह’च्या नंतर नाही. अनुस्वार सगळ्या व्यंजनांच्या आधी येतो, म्हणून ‘संध्याकाळ’ हा शब्द ‘सकाळ’च्या आधी लागतो. पाळीचा स्तंभ असा शब्दांत ठेवला तर प्रत्येक दिवसाचे संध्याकाळचे दूध सकाळच्या आधी येईल आणि पुढचे दराचे गणित उलटे होईल. पाळी 1 आणि 2 अशा आकड्यांतच ठेवा. कन्नड लिपीतली नावे मिसळली असतील तर ती सगळ्या देवनागरी नावांच्या नंतर एकगठ्ठा येतात, कारण कन्नडचा युनिकोड गट पुढचा आहे.

नावावरून जुळवण्याशिवाय गत्यंतर नसेल तर कीसाठी वेगळी प्रत करून ती साफ करा. वेबवरून उचललेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा असते, ती कडेच्या रिकाम्या जागा काढणाऱ्या ‘स्ट्रिप’ने जात नाही. ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ अशा अक्षरांत कुणी ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरतो, कुणी ‘र’ आणि नुक्ता, कुणी अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसू शकतात, सॅसला मात्र तीन वेगळे शब्द दिसतात. नकोसे चिन्ह काढायला ‘ट्रान्सट्रन’ वापरा, कारण ‘ट्रानवर्ड’ त्याच्या जागी एक रिकामी जागा सोडतो. शब्दाच्या शेवटच्या रिकाम्या जागा तुलनेत धरल्या जात नाहीत, पण सुरुवातीच्या धरल्या जातात.

सॉर्ट करणे

प्रोक सॉर्ट डेटा=केंद्र1 आउट=क1;
बाय सभासद तारीख पाळी;
रन;

‘आउट=’ लिहिले नाही तर मूळ संचच बदलतो. नुसता क्रम बदलण्यापुरते हे चालेल, पण त्यात ‘नोडुपकी’ (प्रत्येक कीची एकच ओळ ठेवणे) घातले तर ओळी कायमच्या जातात. म्हणून ‘आउट=’ नेहमी लिहा, आणि ‘नोडुपकी’ वापरलेच तर वगळलेल्या ओळी ‘डुपआउट=’ने वेगळ्या संचात काढून डोळ्यांखालून घाला. ‘नोडुपरेक्स’वर भरवसा ठेवू नका. तो फक्त लागून आलेल्या एकसारख्या ओळी काढतो, मध्ये दुसरी ओळ असली तर पुनरावृत्ती तशीच राहते.

की रिकामी असलेल्या ओळी सर्वांत वर येतात, संख्या असो वा मजकूर. मर्जमध्ये दोन्हीकडच्या रिकाम्या की एकमेकींशी ‘जुळतात’, म्हणजे क्रमांक नसलेल्या माणसाचे दूध क्रमांक नसलेल्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर जाते. अशा ओळी आधीच बाजूला काढा.

एक्सेलमध्ये किंवा दुसऱ्या डेटाबेसमध्ये सॉर्ट करून आणलेली फाइल सॅसच्या क्रमात असेलच असे नाही. ‘बाय व्हेरिएबल्स आर नॉट प्रॉपर्ली सॉर्टेड’ असा एरर आला की सॅसमध्येच पुन्हा सॉर्ट करावे. ‘नॉटसॉर्टेड’ लिहून सुटका होत नाही, कारण एकाहून जास्त संच असलेल्या सेटबरोबर किंवा मर्जबरोबर तो पर्याय चालतच नाही.

एकाखाली एक, पण क्रम राखून

दोन केंद्रांच्या फाइलींतले स्तंभ सारखेच आहेत, फक्त ओळी वेगवेगळ्या आहेत. नुसते ‘सेट क1 क2;’ लिहिले तर पहिली फाइल संपल्यावर दुसरी सुरू होते. त्यालाच ‘बाय’ जोडला की दोन्हीतल्या ओळी कीच्या क्रमाने एकमेकींत गुंफल्या जातात :

डेटा सर्व शंका;
लेंग्थ गाव $ 60;
सेट क1 (इन=अ) क2 (इन=ब);
बाय सभासद तारीख पाळी;
इफ अ देन केंद्र = 1; एल्स केंद्र = 2;
इफ नॉट (फर्स्ट.पाळी अँड लास्ट.पाळी) देन आउटपुट शंका;
आउटपुट सर्व;
रन;

‘इन=’चे स्तंभ ओळ त्या संचातून आली का हे सांगतात, पण ते तात्पुरते असतात, निकालात उतरत नाहीत. म्हणून ओळ कोणत्या केंद्राची हे ‘केंद्र’ या खऱ्या स्तंभात लिहून ठेवले आहे. एकाच कीच्या ओळी दोन्हीकडे असतील तर सेटमध्ये ज्याचे नाव आधी, त्याच्या सगळ्या ओळी आधी येतात. हा नियम पुढे दर लावताना कामाला येईल.

पाळी हा बायमधला शेवटचा स्तंभ असल्याने, ‘फर्स्ट.पाळी’ आणि ‘लास्ट.पाळी’ दोन्ही 1 असतील तर ती की एकदाच आली आहे. नसतील तर त्याच सभासदाची त्याच दिवशी त्याच पाळीला दोनदा नोंद आहे. ही चूक असेलच असे नाही. दोन कॅनांचे वेगळे माप घेतले असेल, किंवा एका केंद्रावर वीज नव्हती म्हणून उरलेले दूध दुसरीकडे घातले असेल. त्यामुळे ‘नोडुपकी’ने सरसकट उडवण्यापेक्षा ‘शंका’ संच केंद्रचालकाला दाखवणे बरे.

निकालाच्या ओळी दोन्ही फाइलींच्या बेरजेइतक्याच भरल्या पाहिजेत. 412 आणि 388 असतील तर 800. एकही कमी-जास्त नको.

तारखेप्रमाणे दर लावणे

गुंफण्याचा खरा उपयोग इथे आहे. दरपत्रकात फक्त बदलाच्या तारखा असतात. समजा 1 जूनपासून 34.00 आणि 11 जूनपासून 35.50. संकलन रोजचे आहे. तारखेवर मर्ज केले तर 1 आणि 11 या दोनच दिवसांना दर मिळेल, बाकीचे दिवस रिकामे राहतील. त्याऐवजी दर आणि संकलन तारखेच्या क्रमाने गुंफायचे आणि शेवटचा दर पुढे नेत राहायचा :

डेटा बिल;
सेट दरपत्रक (इन=द) सर्व (इन=स);
बाय प्रकार तारीख;
रिटेन चालू_दर;
इफ फर्स्ट.प्रकार देन चालू_दर = .;
इफ द देन चालू_दर = दर;
इफ स;
रक्कम = लिटर * चालू_दर;
ड्रॉप दर;
रन;

यासाठी दोन्ही संच आधी प्रकार आणि तारीख यांवर सॉर्ट केलेले हवेत. प्रकार म्हणजे गाय किंवा म्हैस.

या ओळींचा क्रम हलवू नका. दरपत्रक सेटमध्ये पहिले असल्यामुळे 11 तारखेचा नवा दर त्या दिवशीच्या दुधाच्या आधी वाचला जातो. उलटे लिहिले तर 11 तारखेच्या दुधाला जुनाच दर लागतो. ‘चालू_दर’ हा वेगळा स्तंभ हवाच, कारण एका संचाकडून दुसऱ्याकडे जाताना आधीच्या संचातून आलेले ‘दर’चे मूल्य रिकामे होते. ‘फर्स्ट.प्रकार’ची ओळ दर घेण्याच्या ओळीच्या आधी असावी. ती नसेल आणि म्हशीच्या दुधाचा दर पहिल्या दिवसापासून भरलेला नसेल, तर गायीचा शेवटचा दर म्हशीच्या दुधाला लागतो. त्याची सूचना लॉगमध्ये येत नाही. सभासदाला मात्र कळते.

दर संध्याकाळच्या पाळीपासून बदलत असेल तर बायमध्ये तारखेनंतर पाळी घाला आणि दरपत्रकातही पाळीचा स्तंभ ठेवा. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) यांप्रमाणे दर बदलत असेल तर एक ‘चालू_दर’ पुरणार नाही. तिथे दरपत्रकाचा आवृत्ती क्रमांक पुढे न्यायचा, आणि आवृत्ती, फॅट, एसएनएफ या कीवर नंतर मर्ज करायचे. ही मूल्ये दशांशात असतात आणि संगणकात वेगवेगळ्या गणितांतून आलेले 3.6 आणि 3.6 दरवेळी तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून दहाने गुणून, ‘राउंड’ने पूर्णांक करून त्यांवर जुळवा.

शेजारी-शेजारी जोडणे : मर्ज

सभासदाचे नाव आणि गाव संकलनाला लावायचे तर मर्ज. यादीत प्रत्येक सभासद एकदा, संकलनात अनेकदा. दोन्ही संच सभासद क्रमांकावर सॉर्ट केलेले हवेत. वरचा बिल संच प्रकार आणि तारखेवर लागलेला असल्याने तो पुन्हा सॉर्ट करावा लागेल.

डेटा जुळले बेवारस न_आलेले;
मर्ज यादी (इन=य) बिल (इन=स);
बाय सभासद;
इफ य अँड स देन आउटपुट जुळले;
एल्स इफ स देन आउटपुट बेवारस;
एल्स आउटपुट न_आलेले;
रन;

तीन ढीग वेगळे काढणे ही सवय लावून घ्यावी. ‘बेवारस’मध्ये एक जरी ओळ असली तरी बिल छापू नका. कुणाचे तरी दूध नोंदले गेले आहे आणि त्याचा क्रमांक यादीत नाही. ‘न_आलेले’मध्ये त्या दहा दिवसांत दूध न घातलेले सभासद येतात, त्यात काही वावगे नाही.

‘बाय’ची ओळ विसरली तर सॅस पहिल्या ओळीला पहिली, दुसरीला दुसरी असे जोडतो आणि तक्रार करत नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘ऑप्शन्स मर्जनोबाय=एरर;’ लिहून हा दरवाजा बंद करा.

दोन्ही संचांत बायव्यतिरिक्त एखादा स्तंभ सारख्या नावाचा असेल तर घोळ होतो. समजा ‘गाव’ दोन्हीकडे आहे. ‘मर्ज बिल यादी;’ असे लिहिले तर प्रत्येक सभासदाच्या पहिल्या ओळीत यादीतले गाव येते आणि पुढच्या ओळींत बिलातले. यादीची ओळ एकदाच वाचली जाते. तिने पहिल्या वेळी बिलातले मूल्य झाकले, पुढच्या वेळी बिलाची नवी ओळ आली आणि ती झाकायला यादीत काही उरले नाही. असा निकाल वरवर पाहताना सापडत नाही. एकीकडचा स्तंभ ‘ड्रॉप=’ने काढा किंवा ‘रीनेम=’ने नाव बदला.

याचाच भाऊबंद म्हणजे, यादीतून आलेला स्तंभ त्याच डेटा स्टेपमध्ये बदलणे. एखाद्या ओळीत लिटर कमी दिसले म्हणून ‘गट’ बदलला, तर त्या सभासदाच्या पुढच्या सगळ्या ओळींत तो बदललेलाच राहतो. बदल नव्या नावाच्या स्तंभात करावा.

आता कपात. सभासद 104 ची बिलात 3 ओळी आणि पशुखाद्याच्या कपातीत 2 ओळी आहेत : 500 आणि 300. दोन्हीकडे की पुन्हा पुन्हा येते आहे. मर्ज केले तर 3 ओळी मिळतात आणि कपात 500, 300, 300 अशी दिसते. 800 ऐवजी 1100 रुपये कापले गेले. प्रोक एसक्यूएलने जोडले असते तर 6 ओळी आणि 2400. मर्जच्या लॉगमध्ये फक्त एक नोट येते, ‘मोर दॅन वन डेटा सेट विथ रिपीट्स ऑफ बाय व्हॅल्यूज’. लॉगमध्ये ‘रिपीट्स’ हा शब्द शोधायचा आणि सापडला की थांबायचे. ‘प्रोक समरी’ने कपातीची बेरीज सभासदवार एक ओळ अशी करून घ्या (‘एनवे’ विसरू नका, नाहीतर एकूण बेरजेचीही एक ओळ येते). बिलाचीही तशीच बेरीज करा आणि मग एकास एक जोडा.

यादीत बदल करायचे असतील, समजा कुणाचा खाते क्रमांक बदलला, तर मर्जऐवजी ‘अपडेट’ वापरा. बदलांच्या फाइलीतले रिकामे रकाने जुने मूल्य पुसत नाहीत, मर्जमध्ये मात्र ते पुसतात. मूळ यादीत प्रत्येक की एकदाच असायला हवी.

सॉर्ट न करता, आणि सॅसबाहेर

सभासदांची यादी छोटी आणि संकलन लाखो ओळींचे असेल तर हॅश ऑब्जेक्ट वापरता येतो. यादी मेमरीत राहते आणि काहीच सॉर्ट करावे लागत नाही. एसक्यूएललाही आधी सॉर्ट लागत नाही, पण ‘ऑर्डर बाय’ दिल्याशिवाय निकालाच्या क्रमावर विसंबू नका.

आर या भाषेतले ‘मर्ज’ दोन्हीकडे पुनरावृत्ती असली की गुणाकार करते, म्हणजे वरच्या उदाहरणात 6 ओळी, आणि निकाल आपणहून कीच्या क्रमाने लावते. आरच्याच डीप्लायआर या पॅकेजच्या 1.1.0 आवृत्तीपासून अशा जोडणीवर वॉर्निंग येते. पायथनच्या पांडासमध्ये ‘मर्ज’ला ‘व्हॅलिडेट’ देऊन एकास अनेक अशी अट घालता येते, आणि ‘इंडिकेटर’ चालू केले की वरच्यासारखेच तीन ढीग मिळतात.

तारखेप्रमाणे दर लावायला पांडासमध्ये ‘मर्ज_अॅजऑफ’ आहे. ते मागचा सर्वांत जवळचा दर घेते आणि त्याच तारखेचा दर असेल तर तोच. मात्र गाय-म्हैस वेगळे ठेवण्यासाठी ‘बाय’ दिला तरी दोन्ही तक्ते पूर्णपणे तारखेच्या क्रमाने लावलेले असावे लागतात, आधी प्रकार आणि मग तारीख असे नाही. सॅसमधून आणलेला, प्रकारवार सॉर्ट केलेला संच जसाच्या तसा दिला तर ते तक्रार करून थांबते.